गुरुवारची टोपणं

३ मार्च, सोमवार

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची यादी कुणी कधी केलीच, तर तीत आमच्या कारखान्यातल्या चार नंबरच्या यंत्राशेजारी सकाळी आठ ते दुपारी चार चालणाऱ्या टकटकीची नोंद व्हावी, अशी माझी नम्र मागणी आहे. बाकीचे अन्याय संपतात तरी, किंवा त्यांचं स्मारक होतं. हा रोज आठ वाजता नव्याने सुरू होतो.

चार नंबरचं यंत्र प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबतं आणि दर वीस सेकंदांनी चार टोपणं खाली टाकतं. केसांच्या तेलाच्या बाटलीवर असतात ती, अंगठ्याने उघडायची. खालचं कडं आणि वरचं झाकण यांच्यामध्ये नखाएवढी पातळ पट्टी असते, तोच सांधा. आता टोपण तयार झालं, तर ते खोक्यात टाकावं की नाही? पण तिथे बसणाऱ्या ताई प्रत्येक टोपण उचलतात, मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात, उघडतात आणि मगच टाकतात. मिटताना टक. मिनिटाला बारा टोपणं, म्हणजे चोवीस टक. आठ तासांचे साडेअकरा हजार. हे गणित करण्यात माझी अर्धी दुपार गेली, ती वेगळीच.

माझी प्रयोगशाळा म्हणजे त्याच दालनाच्या कोपऱ्यात, जिना चढून वर, पत्रा आणि काच लावून केलेला डबा. इथे मी प्लास्टिक ताणतो, वाकवतो, भाजतो, गोठवतो आणि ते कधी हार मानतं ते लिहून ठेवतो. यंत्रांच्या घरघरीचा मला त्रास नाही. ती बिचारी बेशुद्ध असते. टकटक मात्र जाणूनबुजून केली जाते.

ही दैनंदिनी दाणे पुरवणाऱ्या कंपनीने भेट दिली आहे. वेष्टन नकली चामड्याचं. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळतात ते यांनी हात सैल सोडून मिसळलेलं दिसतंय, कारण वेष्टन घामेजलंय. त्याखाली ठेवलेल्या वर्तमानपत्रातली गुडघ्याच्या मलमाची जाहिरात त्यावर उलटी उमटली आहे. माझ्या आत्मचरित्राला हेच मुखपृष्ठ मिळायचं होतं.

५ मार्च, बुधवार

आज खाली जाऊन प्रत्यक्ष विचारणा केली. शिष्टाचार म्हणून आधी हवापाण्याबद्दल बोललो.

"ताई, हे दोनदा उघडमीट कशासाठी करता?"

"पडलं की लगेच दोनदा करायचं, साहेब. शिकवलंय तसं."

"कुणी?"

"जुने साचेवाले काका होते ना, त्यांनी. जाऊन दहा वर्षं झाली त्यांना."

"कारण काय सांगितलं होतं?"

"काका कारणं सांगणाऱ्यातले नव्हते. हातावर पट्टी मारायचे. म्हणायचे, गरम आहे तोवर ऐकेल, मग नाही ऐकायचं."

"आणि तीनदा केलं तर?"

"तीनदा कोण करतंय? रिकामी बसलेय का मी?"

शेजारच्या तीन नंबरवरचा पैलवान खो खो हसला. तो व्यायामशाळेत जातो म्हणून त्याला पैलवान म्हणतात. हसतानासुद्धा त्याचे दंड हलतात. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या आपल्या डुगडुगत्या स्टुलावर बसून पुढचं टोपण उचलत होत्या. एकोणीस वर्षं एकाच यंत्राशेजारी बसलेल्या माणसाशी शास्त्रीय चर्चा होऊ शकत नाही, हे लक्षात घेऊन मी वर आलो.

वर येताना एक टोपण खिशात टाकलं होतं. भिंगाखाली पाहिलं, तर सांध्यावर केसाएवढी पांढुरकी रेघ. प्लास्टिकवर ताण पडला की ते पांढरं पडतं, हे कुणीही सांगेल. पुरावाच हाती लागला. लगेच सूचनापेटीसाठी टिपण लिहायला घेतलं: 'अनावश्यक मानवी हस्तक्षेपामुळे होणारा वेळेचा अपव्यय, ध्वनिप्रदूषण व मालास पोहोचणारी संभाव्य इजा'. दीड पान झालं. ध्वनिप्रदूषण मध्ये घातलं, म्हणजे पटकन नजरेत येणार नाही.

७ मार्च, शुक्रवार

टिपण मंजूर. या कारखान्यात कागद दोन दिवसांत हललेला मी प्रथमच पाहिला. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर माझा हात धरून हलवला आणि 'उत्कृष्ट सूचना' असं प्रशस्तिपत्र दिलं. लॅमिनेशन केलेलं आहे, पण डाव्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिलाय. पापुद्रा नीट तापला नव्हता. मी ते बोललो नाही. कौतुक स्वीकारताना चाचणी घेऊ नये.

हातानं करायचं काही उरलं नाही, म्हटल्यावर चार नंबरवर वेगळं माणूस कशाला? पैलवान आता तीन आणि चार दोन्ही बघेल. ताईंना पॅकिंगला पाठवलं. त्यांनी हुकूम दोनदा वाचला, घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. वाद घातला नाही. पटलं असावं.

त्यांचं स्टूल रिकामं पडलं होतं, ते मी वर आणलं. पॅकिंगवाल्या उभ्यानेच काम करतात. पाय ठेवायला बरं आहे, फक्त डुगडुगतं. एका पायाचा रबरी बूट झिजून गेलाय आणि त्याजागी कागदाची घडी लावलेली आहे.

शांतता. अहाहा. निदान पुढचा गुरुवार येईपर्यंत. त्या दिवशी पैलवानाची साप्ताहिक सुट्टी, आणि बदलीला ताईच येणार आहेत.

९ मार्च, रविवार

प्रशस्तिपत्र बैठकीत लावलं. हिने लांबून वाचलं.

"काय सूचना केलीत?"

"एक अनावश्यक काम बंद केलं."

"कुणाचं?"

या बाईला प्रश्न कुठून विचारायचा ते बरोबर कळतं. मी विषय बदलून तिच्या डब्यांच्या फळीकडे वळवला. आमच्या घरात एकोणचाळीस डबे आणि त्रेपन्न झाकणं आहेत. जास्तीच्या चौदा झाकणांचे डबे कुठे गेले याचा तपास लागलेला नाही. ज्या डब्यात वस्तू गरम करायची नाही असं मी दहादा सांगितलंय, तो डबा आता बशीच्या आकाराचा झालाय आणि ही त्यात चाव्या ठेवते. "तुमच्या चाचणीत नापास, माझ्या संसारात पास," म्हणते.

आईची वेगळीच तऱ्हा. पहाटे उठली की अंथरुणातून पाय खाली सोडते, लगेच न्हाणीघराच्या दारात येऊन चौकट धरते आणि गुडघे वाकव, सरळ कर, वाकव, सरळ कर. बरोबर मला आंघोळीची घाई असते तेव्हा.

"आई, हे नंतर नाही का करता येणार?"

"नंतर नाही उपयोग. अंथरुणातली ऊब आहे तोवर वाकवले की दिवसभर चालतात. गार झाले की मग कुरकूर करतात."

"हे सगळं मनाचं असतं. सोडून दे आठवडाभर, काही होणार नाही."

ती सोडते म्हणाली. एका आठवड्यात दोन सुधारणा.

१४ मार्च, शुक्रवार

काल गुरुवार, ताई चार नंबरवर. पण दिवसभर आवाज नाही. काचेतून पाहिलं, माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, बसायला उपडं खोकं घेतलं होतं. हातात जाड कापडी मोजे. वयाप्रमाणे बोटांना गरम सोसत नसेल. जेवायलाही उठल्या नाहीत, काम करता करताच डबा खाल्ला. लेखी हुकमाचा परिणाम असा होतो.

दर गुरुवारी मी चार नंबरचा नमुना उचलतो आणि उघडझाप यंत्राला लावतो. हे यंत्र मी स्वतः जमवलंय. एक हात टोपण उघडतो-मिटतो आणि आकडे मोजतो. त्याला आम्ही घोडा म्हणतो, कारण ते चालताना उड्या मारतं. हजार वेळा उघडमीट होऊन सांधा टिकला की पास. कालची दहाच्या दहा पास. म्हणजे टकटकीशिवायही माल उत्तम. मीच बरोबर होतो, हे आता घोड्यानेही सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार

तेलाच्या कंपनीकडून तक्रार. पाच-सहा आठवड्यांत नाही, पाच-सहा दिवसांत टोपणं तुटताहेत. बाटली हातात आणि झाकण मोरीत, असं गिऱ्हाईक म्हणतंय. त्यांनी सोबत पिशवीभर तुटकी झाकणं पाठवली आहेत. सगळी सांध्यातच तुटलेली.

मी माझा गुरुवारचा अहवाल त्यांना पाठवला. दहापैकी दहा. त्यांनी त्यांची पिशवी पुन्हा पाठवली.

१९ मार्च, बुधवार

दिवसभर दाण्यांमागे. तुकडे ताणून पाहिले, नेहमीएवढ्या जोरालाच तुटले. वितळून किती वेगाने वाहतात ते पाहिलं, बरोबर. पाण्यात टाकले, तरंगले, म्हणजे दुसरं कुठलं जड प्लास्टिक मिसळलेलं नाही. जाळून वास घेतला, नेहमीचा मेणबत्तीचा. दाणे सज्जन आहेत.

मग सोमवारी आणि मंगळवारी तयार झालेली टोपणं घोड्याला लावली. पहिलं एकाहत्तराव्या वेळी तुटलं. दुसरं चौसष्टाव्या. तिसरं अठ्ठ्याऐंशीव्या. घोडा थांबून माझ्याकडे बघत राहिला.

हे काय प्रकरण आहे? दाणे तेच, साचा तोच, यंत्र तेच.

२१ मार्च, शुक्रवार

कालच्या गुरुवारचा नमुना पास. दहापैकी दहा, हजाराच्या पुढे.

आजचा नमुना नापास.

२२ मार्च, शनिवार

गुरुवारी असं काय होतं?

एक: गुरुवारी शेजारचा गाद्यांचा कारखाना बंद असतो, त्यामुळे विजेचा दाब जास्त मिळत असावा. दोन: बुधवारी संध्याकाळी पाण्याची टाकी धुतात, म्हणजे गुरुवारी साचा थंड करणारं पाणी स्वच्छ. तीन: पैलवान नसतो. त्याच्या वजनाने जमीन हादरून साच्यावर परिणाम होतो का? हे तिसरं मी खोडलं, पण हलक्या हाताने.

पैलवानालाच विचारलं, "तू काय वेगळं करतोस?"

"मी काहीच करत नाही, साहेब. तसंच लिहून दिलंय ना तुम्ही? पडलं की खोक्यात."

सरळ माणूस. त्याच्याकडून काही कळण्यासारखं नाही.

२४ मार्च, सोमवार

व्यवस्थापकांनी बोलावलं. तेलवाल्यांचा निरीक्षक सोमवारी, ३१ तारखेला येणार. त्याआधी कारण आणि कारणीभूत माणूस, दोन्ही हवेत. त्यातलं दुसरं त्यांनी आधीच शोधलं होतं.

"तक्रारी कुठल्या मालापासून सुरू झाल्या?"

"सात मार्चनंतरच्या."

"आणि ताई पॅकिंगला कधी गेल्या?"

"सात मार्चलाच."

"वेळ जुळते की नाही?"

"जुळते," मी म्हणालो. काय करणार, जुळतेच.

"जागा बदलली म्हणून रागावल्या आहेत. खोकी आदळत असणार. पत्र टाइप करून ठेवलंय, हलगर्जीपणाचं. उद्यापासून येऊ नका म्हणून. तुमचा अहवाल जोडायचा तेवढा राहिलाय. टोपणं आदळआपटीने तडकतात, दोन ओळी लिहा. शनिवारपर्यंत."

एकोणीस वर्षांची नोकरी आणि माझ्या दोन ओळी. मी बघतो म्हणालो. खरं सांगायचं तर सोयीचं होतं. आदळल्याने प्लास्टिक तडकतं, हे खोटं नाहीच. फक्त मी पन्नास टोपणं स्वतः जमिनीवर आपटली, भिंतीवर फेकली, एक तर बुटाखाली घेतलं, आणि एकही तडकलं नाही. ही गोष्ट अहवालात घालायची की नाही, ते ठरत नाहीये. आणि पॅकिंग तर गुरुवारच्या मालाचंही होतं.

संध्याकाळी ताई जिन्याजवळ उभ्या होत्या, एक पाय दुसऱ्यावर घासत.

"साहेब, ते स्टूल तुमच्याकडे आहे का?"

"प्रयोगशाळेच्या सामानात नोंदलं गेलंय."

"बरं. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरतात, म्हणून विचारलं."

त्या गेल्या. नोंदलं वगैरे काही नव्हतं. वर जाऊन नोंदवलं.

२७ मार्च, गुरुवार

आज गुरुवारच्या मागावर बसलो. विजेचा दाब तासातासाला लिहिला, नेहमीसारखाच. पाण्याचं तापमान, नेहमीसारखंच. साचा, दाणे, वितळण्याचं तापमान, सगळं नेहमीसारखं. ताई उपड्या खोक्यावर, पाठ माझ्याकडे, हातमोजे. अकरा वाजता मी पुढून जाऊन उभा राहिलो, तर हात मांडीवर. मिनिटभरातच समोर टोपणांचा लहानसा ढीग साचला. म्हटलं, काय हा संथपणा. मी वळलो आणि ढीग भराभर कमी झाला.

"ताई, तुम्हाला पत्राचं कळलंय का?" न राहवून विचारलं.

"कळलंय. कारकुनाने दाखवलं."

"मग तुम्ही काही बोलत का नाही?"

"काय बोलू? जे बोलायचं ते बोलले, तर आणखी एक पत्र येईल." त्यांनी यंत्राकडे पाहिलं. "मुलीचं शेवटचं वर्ष आहे, साहेब. तेवढं झालं असतं तर बरं होतं. जाऊ दे. तुमचं मोजायचं चालू द्या."

आणखी कशाचं पत्र? बाईंचं बोलणं मला नेहमीच अर्धं कळतं. कापडी मोज्यांच्या चिमटीच्या जागा मात्र काळ्या पडून झिजल्या आहेत. नुसतं खोक्यात टाकण्याने इतक्या झिजतात?

नमुना: दहापैकी दहा. मला त्या दहांचा राग येऊ लागलाय.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी आई अंथरुणातून उठेना. गुडघे धरलेत म्हणे. हिने शेक दिला, मलम चोळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पंधरा वर्षं रोज वाकवत होत्या. तुम्ही बंद करायला लावलंत."

"एवढ्याशा वाकवण्याने काय होतंय?"

"तेच तर. एवढंसंच होतं आणि चाललं होतं. तुम्ही जिथे जाल तिथे लोकांचं चालू असलेलं काहीतरी बंद पाडता."

आई पांघरुणातून म्हणाली, "ऊब होती तोवर वाकायचे गं."

मी डबा न घेताच निघालो.

कारखान्यात पोहोचल्यावर थेट चार नंबर. पैलवानाला बाजूला केलं, पडलेलं टोपण उचललं आणि लगेच दोनदा उघडलं-मिटलं. बोट भाजलं. दुसरं, तिसरं, सगळी तीच तऱ्हा. पाच टोपणं अशी. पाच तशीच ठेवलेली. पाच गार होऊ दिली आणि मग दोनदा वाकवली. पैलवान म्हणाला, "साहेब, तुमचा आवाज होतोय." मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी घोड्याने निकाल दिला. न वाकवलेली: सगळी शंभराच्या आत. गार झाल्यावर वाकवलेली: तीही शंभराच्या आत. गरम असताना वाकवलेली: हजार, हजार, हजार, हजार, हजार. शेवटचं मी बंदच केलं नाही, पाच हजारांवर गेलं तरी चालूच.

ती पांढुरकी रेघ इजेची नव्हती, बळाची होती. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब धाग्यांचा गुंता. टोपण गरम आहे तोवर सांधा वाकवला, की त्या पातळ पट्टीतले धागे ओढले जाऊन एका रांगेत लागतात. दोरीसारखे. मग हजार वेळा वाकवा. गार होऊ दिलं तर गुंता आहे तसाच बसतो, आणि पुढे गिऱ्हाइकाने वाकवला की तुटतो. हे मी शिकलो आहे. परीक्षेत आठ गुणांना आलं होतं. मी पर्यायात सोडलं.

आणि गुरुवार म्हणजे विजेचा दाब नाही, टाकीचं पाणी नाही. गुरुवार म्हणजे हातमोजे.

चार वाजता पॅकिंगच्या दारात उभा राहिलो. ताई पट्ट्या आवळत होत्या.

"गुरुवारी तुम्ही दोनदा वाकवता."

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. "कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही. हुकूम झाल्यावरही?"

"हुकमात काय होतं, साहेब? आवाज आणि वेळ. आवाज मोज्यांनी बंद केला, वेळ जेवणातून काढला. माल तसाच कसा सोडणार हातातून? पैलवानाला पण सांगितलं होतं, बाबा, दोनदा कर. तो म्हणाला, लेखी आणा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही शिकलेली माणसं. मला वाटलं, तुमच्या यंत्रात काही दिसलं असेल. नंतर तुटायला लागली तेव्हा कळलं की नव्हतं दिसलं. पण तेव्हा बोलले असते, तर चोरून करते म्हणून काढलं असतं. आता आदळते म्हणून काढतायत." त्यांनी पट्टी कापली. "आदळते हे निदान खोटं तरी आहे."

मी पुढचं खोकं उचलून त्यांच्या टेबलावर ठेवलं. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

२९ मार्च, शनिवार

अहवाल दिला. व्यवस्थापकांनी आधी आकडे वाचले आणि खूष झाले. "वा. शोध लावलात तुम्ही. सोमवारी निरीक्षकाला तुम्हीच सांगा. नवीन पद्धत, आपल्या प्रयोगशाळेत विकसित. तुमचं गुणवत्ताप्रमुखाचं पण बघू आता."

मग ते शेवटच्या परिच्छेदावर आले. तो मी अकरा वेळा लिहिला होता: 'सदर पद्धत चार नंबरच्या यंत्रावरील कर्मचारी ताई एकोणीस वर्षे वापरत होत्या. ती बंद करण्याची सूचना प्रस्तुत अहवाललेखकाची असून, ती दोषाचे एकमेव कारण आहे. सूचना करण्यापूर्वी अहवाललेखकाने कोणतीही चाचणी घेतली नव्हती. गुरुवारचा माल निर्दोष राहिला तो सदर कर्मचाऱ्यांमुळे.'

"हे काढून टाका."

"का?"

"अहो, मंजुरीची सही माझी आहे त्या सूचनेवर."

"म्हणून तुमचं नाव नाही घातलं. माझंच घातलंय."

"प्रमुखपदाचं काय मग?"

प्रमुखपद. मी क्षणभर विचार केला, हे लपवत नाही. क्षण जरा लांबला. निरीक्षकासमोर उभं राहून धाग्यांची रांग समजावून सांगणारा मी, हे चित्र फार देखणं होतं. पण त्या चित्रात मागे पॅकिंगच्या टेबलाशी कुणीतरी एक पाय दुसऱ्यावर घासत उभं होतं.

"परिच्छेद काढला तरी पत्राला कुणाचा अहवाल जोडणार?" मी विचारलं. "आदळून तुटत नाहीत, हे पहिल्याच पानावर आहे. आणि एक प्रत मी आवकजावकीत नोंदवून आलोय."

व्यवस्थापकांनी पहिलं पान पुन्हा उलटून पाहिलं. मग ताईंचं पत्र खणातून काढून त्यांनी उभं फाडलं, आडवं फाडलं आणि टोपलीत टाकताना म्हणाले, "तुम्ही आवाजाची तक्रार करायला सूचनापेटी वापरलीत, हे तेव्हाच लक्षात आलं होतं माझ्या. पण वेळ वाचत होता."

म्हणजे मधे घातलेलं दिसलं होतं.

३१ मार्च, सोमवार

निरीक्षक येऊन गेला. मला बोलावलं नाही. ताईंना बोलावलं. त्यांनी त्याला एक गरम टोपण दिलं आणि म्हणाल्या, "करा दोनदा." त्याने केलं, बोट झटकलं, हसला आणि ऑर्डर कायम ठेवली. सात तारखेपासूनचा सगळा माल, गुरुवार वगळून, दळून पुन्हा दाणे करायचाय. ते दळणं माझ्या देखरेखीखाली, बहुधा शिक्षा म्हणून. दळणयंत्राचा आवाज टकटकीच्या चाळीसपट आहे. मोजला नाही.

बुधवारपासून ताई पुन्हा चार नंबरवर, लेखी. प्रमुखपदाबद्दल कुणी काही बोललेलं नाही. प्रशस्तिपत्र घरी भिंतीवरून काढलं. हिने विचारलं नाही, पण आता त्यावर गरम भांडी ठेवते. बुडबुडा वाढलाय. आई आजपासून पुन्हा न्हाणीघराच्या दारात. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा राहिलो आणि वीस वाकणी मोजली.

२ एप्रिल, बुधवार

आज पावणेआठलाच पोहोचलो. काल बाजारातून चार रबरी बूट आणले होते. दुकानदाराने तीन जातींचे दाखवले. मी प्रत्येक बूट अंगठ्याने दाबून, वाकवून, ओढून पाहिला, तेव्हा तो म्हणाला, "स्टुलाचेच पाहिजेत ना, का विमानाचे?" दाबल्यावर उत्तम परत वर येणारे घेतले. एकच पाय उघडा होता, पण तीन जुने आणि एक नवा लावला तर पुन्हा डुगडुगणारच.

कागदाची घडी काढली. उघडली, तर सात मार्चचा हुकूम. म्हणजे त्या दिवशी डब्याच्या पिशवीत गेलेला कागद मी स्टूल उचलायच्या आधीच पायाखाली आला होता. महिनाभर मी त्याच्यावर पाय ठेवून बसलो होतो, की बाईंनी ठेवायला लावला होता, हे आता विचारण्यात अर्थ नाही. घडी पूर्ववत घालून वहीत ठेवली आहे, मलमाच्या जाहिरातीच्या आतल्या बाजूला.

सामानाच्या नोंदवहीत स्टुलाच्या ओळीवर रेघ मारली. स्टूल खाली नेऊन चार नंबरपाशी ठेवलं, उपडं खोकं त्याच्या जागी परत नेलं आणि वर येऊन काचेकडे पाठ करून बसलो.

आठला ताई आल्या. समोरच्या कपाटाच्या काचेत मागचं दिसतं. त्या बसल्या, डावीकडे कलल्या, उजवीकडे कलल्या. मग वाकून एका पायाचा बूट अंगठ्याने दाबून पाहिला, अगदी मी दुकानात दाबला होता तसा. वर पाहिलं नाही. हातमोजे काढून खिशात ठेवले.

टकटक सुरू झाली. मी घड्याळ लावून ती मिनिटभर मोजली. चोवीस. बरोबर आहे.